कोरी फीत

डेल्मर स्टँफिल फेब्रुवारीत गेला,
बर्फ साचलेल्या एका पुलावर, गाडीसकट.
एप्रिलमध्ये नॅशव्हिलला आम्ही
त्याची नवी रेकॉर्ड करायला बसलो.
मेल्या म्हशीला मणभर दूध,
हे कंपनीला आमच्याआधीच ठाऊक होतं.

फीत आली बुटांच्या खोक्यातून.
स्वयंपाकघरात बसून गायलेली नऊ गाणी,
मागे फ्रिजची घरघर,
एकदा जाळीचं दार आपटतं,
आणि दर कडव्याच्या शेवटी
खुर्ची कुरकुरते,
त्याच्या आधी, किंचित आधी, जणू तिलाच श्वास घ्यायचाय.
"हे सगळं काढ," साहेब म्हणाले. "माणूस तेवढा ठेव."

मी बावीस वर्षांचा होतो. ब्लेड नवं होतं.
जिथे खुर्ची होती तिथे
मोजून तेवढीच कोरी फीत चिकटवली.

मग रोजावर माणसं आली.
आठ व्हायोलिनं, हुंकार भरायला चार बायका,
ड्रमवर क्लाइड बॅक्सली.
डेल्मर तालात नव्हता.
म्हणजे होता, पण आपल्या घरच्या तालात.
तिसऱ्या कडव्यात आईचं नाव आलं की रेंगाळायचा,
समेवर असा पोचायचा
जसा कुणी पायरीवर बुटांचा चिखल खरवडून
मगच आत येतो.
जिवंत गाणाऱ्याला भुवईने सांगता येतं, चल बाबा.
याला कोण सांगणार?
चौदाव्या वेळी क्लाइडने काठ्या मांडीवर ठेवल्या.
"हा माझ्यासाठी थांबतच नाही."
"मग तू थांब," स्टील गिटारवरचा म्हातारा लेमन पिकरेल म्हणाला.
"त्याला आता कुठे जायचंय?"
कुणी हसलं नाही. पंधराव्या वेळी जमलं.

रेकॉर्ड खपली. म्हणून दुसरी हवी झाली:
डेल्मरची शेवटची मैफल.
अशी मैफल झालीच नव्हती.
गाणी तीच, उलट्या क्रमाने,
आणि टाळ्या मी आणल्या एका जत्रेच्या फितीवरून.
त्या खरं तर सेनेटर नावाच्या खेचराला पडल्या होत्या.
त्याने दोन टन दगड एकट्याने ओढले होते.
टाळ्यांमध्ये एक बाई हसते,
फुटलेल्या किटलीसारखी.
दुसऱ्या बाजूला ती चारदा हसते,
चारही वेळा तेच हसू. कान असेल त्याला कळेल.

ओहायोतून एका मिस थेल्मा ग्रूव्हचं पत्र आलं:
मी त्या रात्री तिथे होते, डाव्या बाजूला, सहाव्या रांगेत.
बाहेर पाऊस होता. शेवटच्या गाण्याआधी
त्याने आमच्याकडे पाहिलं.
साहेबांनी ते पत्र फ्रेम केलं.
मी बऱ्याचदा त्याच्यासमोर उभा राहायचो.
पाऊस मी टाकलेला नव्हता.

ओपल एकदाच आली, त्याची बायको.
उन्हाळा होता, तिने हातमोजे घातले होते.
पहिली बाजू पुरी ऐकली, पर्स मांडीवर धरून,
व्हायोलिनं थांबली तेव्हा म्हणाली,
"खुर्ची कुठे गेली?"
मी म्हणालो, "कुठली खुर्ची, मॅडम?"

तंबाखूच्या डबीत अजून ते तुकडे आहेत.
परवा एकाला एक जोडून पाहिले.
एक्केचाळीस सेकंद.
कुरकुर, घरघर, कुरकुर,
ब्लेड जरा तिरकं लागलं तिथे
गिटारच्या तारेचं शेपूट,
पुन्हा कुरकुर.
हे तिला द्यायचं राहिलं.
आधी तिचा पत्ता बदलला, मग माझा,
आणि मधे मी बरीच वर्षं
तो कागद शोधत असल्याचं सोंग केलं.

शेवटून दुसऱ्या तुकड्यात तो बोलतो.
गात नाही, बोलतो,
माइककडे पाठ असावी, असा लांबून:
"ओपल, दार धर..."

आणि दार आपटतं.